खोलीत कोण कोण आहे

१० जून २०२४, सोमवार. दुपारी सव्वाबारा वाजता यवतमाळला जपानी भाषेच्या वर्गाच्या कचेरीत मी पंचेचाळीस हजार रुपये भरले. हजर माणसे पाच: मी, माझी बायको, आमची मुलगी, बायकोचे मोठे भाऊ आणि वर्ग चालवणाऱ्या बाई. एकूण फी नव्वद हजार. अर्धी आधी, अर्धी निवड झाल्यावर. निवड झाली नाही तर पुढचे द्यायचे नव्हते, पण भरलेलेही परत मिळणार नव्हते.

ही रक्कम मी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून काढली होती. म्हणूनच बायकोचे भाऊ सोबत आले होते. त्यांना मी दादा म्हणतो. आमच्या दोन्हीकडच्या घरांतली मिळून आठ-नऊ लग्ने त्यांनी जुळवलेली आहेत आणि लग्नाच्या पैशाला त्यांना न विचारता हात लावायची रीत आमच्याकडे नाही.

"बाई, पोरगी नाही लागली त पैसे वापस भेटतीन काय?" दादांनी विचारले.

"नाही."

"मंग आमाले काय भेटन?"

"तुमच्या मुलीला एक भाषा येईल."

दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "जवाई, पंचेचाळीस हजाराची भाषा हाय. जपून वापरजा."

बाई हसल्या. मला हसू आले नाही. मी दारव्ह्याच्या बाजार समितीत एका अडत दुकानाचा हिशेब लिहितो. पंचेचाळीस हजार म्हणजे माझा अडीच महिन्यांचा पगार. मुलगी नर्सिंगचा कोर्स करून यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात नऊ हजारांवर लागली होती, त्यातले सतराशे जाण्यायेण्यात जायचे. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीसाठी मुली हव्या आहेत, भाषेची परीक्षा पास व्हावी लागते आणि सगळे कापून हातात सत्तर हजारांच्या आसपास पडतात, हे तिनेच शोधून काढले होते. मी दोन महिने चौकशी केली. यवतमाळच्या या बाई स्वतः नऊ वर्षे तिकडे राहून आलेल्या होत्या आणि त्यांनी आधी पाठवलेल्या दोन मुलींच्या वडिलांशी मी समोरासमोर बोललो. तेव्हा कुठे ठेव मोडली.

परत येताना जीपमध्ये दादांनी अट घातली. पुसदला एक स्थळ होते. मुलगा बँकेत, घरी चौदा एकर. होळीपर्यंत जपानचे झाले तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. मुलगी मागच्या सीटवर बसून ऐकत होती. "होळीपर्यंत होऊन जाईन, मामाजी," एवढेच ती म्हणाली. मी काहीच बोललो नाही, म्हणजे अट मान्य झाली.

दुसऱ्या दिवसापासून घर बदलले. वर्ग रोज दोनच तासांचा होता. खरा वर्ग घरी भरवायचा, असे बाईंनी बजावले होते. घराच्या आत, सकाळी उठल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत, मुलगी मराठीत बोलणार नाही. आम्ही मराठीत बोलायचे, तिने ऐकायचे, पण उत्तर जपानीतच द्यायचे. "आन आमाले समजलं नाही त?" बायकोने विचारले होते. त्यावर बाई म्हणाल्या, "मग तिला हातवारे करू दे. तिथे पोचल्यावर तेच करायचं आहे."

पहिले पंधरा दिवस गंमत वाटली. फ्रिज, खिडकी, तांब्या, डाळीचा डबा, सगळ्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या. बायको पाण्याला मिझु म्हणू लागली. मी फक्त आकडे शिकलो. त्यांच्याकडे दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, मान. लाखाला शब्दच नाही, लाख म्हणजे दहा मान. दुकानात हे सांगितल्यावर हमालांना निमित्तच मिळाले. "दिवाणजी, आज तुरीचा भाव जपानीत येऊ द्या," असे सकाळीच ओरडायचे. एका शेतकऱ्याने हिशेबपट्टी हातात घेऊन विचारले, "हमाली जपानीत कमी लागते काय?"

मग गंमत संपली. आमचे घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढेच. आधी त्या घरात सगळ्यात जास्त आवाज मुलीचा असायचा. दवाखान्यात कोण आले, कोणत्या डॉक्टरने कोणाला झापले, बसमध्ये कोण भांडले, हे ती आईला कणीक मळताना सांगायची. आता ती बोलायची, पण ते आमच्यासाठी नसायचे. कानात मोबाइलचे इयरफोन घालून जपानी ऐकायची आणि ऐकलेले पुन्हा म्हणायची. शेजारच्या काकू ताक मागायला आल्या की ती मान लववून काहीतरी म्हणे आणि ताक आणून देई. काकूंनी दोनदा सोसले. तिसऱ्यांदा त्या बायकोला म्हणाल्या, "पोरगी अजून गेली नाही, आन आत्ताच परकी झाली वो तुमची."

बायको त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर मुलगी मराठीत बोलायला आली, तर ही म्हणाली, "आता कायले बोलतं? उद्या सकाळी पुन्हा मुकीच होशीन ना."

मुलगी म्हणाली, "आई, मी मुकी नाही होऊन राह्यली. तिकडं गेल्यावर म्हातारी मानसं मले काही सांगतीन, तवा मुकी पडू नये म्हणून करून राह्यली."

सप्टेंबरात ती तापाने पडली. अंगात एकशे तीन. रक्त तपासले, डेंग्यू निघाला नाही, पण ताप पाच दिवस उतरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला, मी दुकान सोडून घरी गेलो. मुलगी डोळे मिटून बडबडत होती आणि ती बडबड जपानी होती. बायको उशाशी बसून तिचे खांदे हलवत होती. "माह्याशी बोल ना वं. कुठं दुखते ते सांग." मुलीने डोळे उघडले, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा तेच काहीतरी बोलली. मला त्या क्षणी जी भीती वाटली, ती तिच्या तापाची नव्हती. ही पोरगी परदेशात अशीच एखाद्या खोलीत पडलेली असेल, बोलेल, आणि जवळ कोणी नसेल, हे मला समोर दिसले.

बायकोने माझ्यासमोरच बाईंना फोन लावला. "माही पोरगी तापात मायले हाक मारत नाही. हे काय शिकवलं तुमी?"

बाईंना आनंद झाला. "तापात जपानी बोलली? मग भाषा आत गेली हो तिच्या! अभिनंदन."

बायकोने फोन ठेवला आणि दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. ठेव मोडायच्या कागदावर सही माझी होती.

डिसेंबरात भाषेची परीक्षा झाली. पास व्हायला दोनशे गुण लागतात, तिला एकशे एक्याण्णव पडले. नऊ गुणांसाठी पुन्हा फी, पुन्हा प्रवास. दादांनी फोनवर म्हटले, "नऊ गुणाचा हिशेब मले नका सांगू जवाई, होळीचा सांगा." दुसऱ्यांदा, जानेवारीत, तिला दोनशे चौदा मिळाले. देखभालीच्या कामाची परीक्षा ती आधीच पास झाली होती. मग मुलाखत ठरली. १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी साडेनऊ. तिकडच्या एका वृद्धाश्रमाची माणसे लॅपटॉपवरून तिला बघणार होती. बाईंनी सांगितले होते: शांत खोली, मागे पांढरी भिंत, नीट कपडे.

आता त्या सकाळी आमच्या घरी काय झाले ते सांगतो. आम्हांला ते चुकीचे वाटले नाही. दादा सोमवारी संध्याकाळीच आले. म्हणाले, "मानसं पोरीले पाहाले येऊन राह्यले, आन घरात चार मानसं नको?" सकाळी त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला. सोफ्यावर नवीन चादर आली. मुलीच्या मावशी आल्या, शेजारच्या काकू आल्या. बायकोने पोहे करायला घेतले. पाहणारी माणसे साडेसहा हजार किलोमीटरवर आहेत आणि पोहे खाणार नाहीत, हे तिलाही माहीत होते, पण काही न करता हात रिकामे ठेवून बसणे तिला जमेना. दादा दाराजवळच्या खुर्चीवर बसले, मी खिडकीशी. मावशी आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. चौघेही कॅमेऱ्याच्या बाहेर, हे मी स्वतः दोनदा तपासले. मुलगी सुरुवातीला अस्वस्थ दिसली, पण मामांना बाहेर बसा म्हणणे तिच्याने झाले नाही. माझ्यानेही झाले नाही.

पडद्यावर तिघे आले. दोन पुरुष आणि चष्मा लावलेल्या एक बाई, वय पन्नाशीचे. मुलगी वाकून नमस्कार करून बोलू लागली. मला एक शब्द कळत नव्हता, पण आवाज कळत होता. आवाज ठीक होता. दहा मिनिटे झाली. प्रत्येक उत्तर संपले की दादा मोठ्याने श्वास सोडून मान डोलवायचे आणि मुलगी नकळत एकदा तिकडे बघायची. मग मीही मान डोलवू लागलो. काकूंनी आतून हळूच म्हटले, "मस्त बोलून राह्यली." तेवढ्यात कढईवर झारा आपटला.

पडद्यावरच्या बाई थांबल्या. त्यांनी काहीतरी विचारले. मुलीने उंबऱ्याकडे पाहिले. त्यांनी पुन्हा विचारले, तसेच शांतपणे. मुलगी माझ्याकडे वळली आणि सकाळच्या वेळी, घराच्या आत, आठ महिन्यांत पहिल्यांदा मराठीत बोलली.

"बाबा, ते विचारून राह्यले, खोलीत कोण कोण आहे."

मी म्हणालो, "खरं सांग."

तिने सांगितले. त्या बाईंनी लॅपटॉप फिरवायला सांगितला. तिने फिरवला. आधी मी दिसलो असेन, मग दादा, दादांनी उठून हात जोडले. मग मावशी आणि काकू, आणि त्यांच्या मागे हातात पोह्यांच्या ताटल्यांचा ट्रे घेऊन उभी असलेली माझी बायको. तिकडचे तिघे आपसात बोलले. एका पुरुषाने मान वाकवून दोन वाक्ये म्हटली आणि पडदा काळा झाला.

"काय म्हणले?" दादांनी विचारले.

"कळवतो म्हणले."

"म्हणजे पसंत?"

मुलीने लॅपटॉप मिटला. आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. पोहे तसेच राहिले. दादांनीही खाल्ले नाहीत, यावरून त्यांना काय वाटले असेल ते समजावे.

दुपारी बाईंचा फोन आला. त्या इतक्या चिडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. "पाच माणसं? मुलाखतीला पाच माणसं? त्यांना वाटलं मागून कोणी उत्तरं सांगतंय."

"बाई, आमच्यात कोणाले येते जपानी?"

"ते त्यांना कसं माहीत असणार? स्वयंपाकघरातून कोणी झारा वाजवून खुणा करतं का, असं विचारलं त्यांनी मला!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी यवतमाळला गेलो. बाई म्हणाल्या, लेखी खुलासा द्यावा लागेल, नेट दुरुस्तीला माणसे आली होती असे लिहू. मी म्हणालो, नेट दुरुस्त करायला दोन बायका आणि पोह्यांचा ट्रे लागत नाही. जे होते तेच लिहा: आमच्याकडे मुलीला पाहायला कोणी आले की घरची मोठी माणसे बसतात, तिला एकटी बसवणे आम्हांला बरे वाटत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग लिहिले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुकानात माझी एका बिलात बेरीज चुकली. पंचवीस वर्षांत मालकांनी चूक दाखवण्याची ही दुसरी वेळ. मुलीने चिठ्ठ्या काढल्या नाहीत आणि दिवसा मराठी बोलणेही सुरू केले नाही. ती आधीसारखीच कानात इयरफोन घालून बसायची. फक्त ऐकलेले पुन्हा म्हणायची नाही. पुसदच्या लोकांनी दादांना दोनदा फोन केला. होळी तेरा मार्चला होती.

एक मार्चला बाईंचा निरोप आला. खुलासा आश्रमाच्या माणसांना पटला होता. मुलीच्या जपानीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण त्यांना पुन्हा मुलाखत हवी होती, आणि ती मुलीची नव्हती. त्या दिवशी खोलीत होती ती माणसे त्यांना बघायची होती. त्यांच्याकडच्या दोन मुली आधी अशाच अर्ध्यात निघून गेल्या होत्या, घरून लग्नाला बोलावले म्हणून. म्हातारी माणसे मुलींना लळा लावतात, मग रोज विचारतात, ती कुठे गेली. तेव्हा निदान तीन वर्षे घरची माणसे तिला परत बोलावणार नाहीत, एवढे त्यांना आमच्या तोंडून ऐकायचे होते.

मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "मले विचारतीन काय?"

"तुमालेच विचारतीन, दादा."

सहा मार्चला, गुरुवारी, त्याच वेळी आम्ही पाचही जण सोफ्यावर आणि खुर्च्यांवर ओळीने बसलो, कॅमेऱ्यासमोर. बाई यवतमाळहून आल्या होत्या, त्या दोन्ही बाजूंनी अर्थ सांगणार होत्या. मुलगी बाजूला बसली, तिला बोलायची परवानगी नव्हती. पडद्यावर चष्म्याच्या त्या बाई एकट्याच होत्या.

आधी मला विचारले. तीन वर्षे चालेल का? मी रात्रभर विचार केला होता. "सान नेन," म्हणालो. तीन वर्षे. एवढेच मला त्यांच्या भाषेत म्हणता येत होते. त्या हसल्या, मान वाकवली.

मग दादा. त्यांच्या एका वाक्यावर सगळे अडले होते आणि पुसदचे स्थळ अजून त्यांच्या खिशात होते. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या नखांकडे बघत होती. दादा खाकरले. "बाई, यायले विचारा, लग्नाले सुट्टी देतीन काय?"

बाईंनी विचारले. उत्तर आले: एका वर्षानंतर, वर्षातून दहा दिवस. येणे-जाणे त्यातच.

"दहा दिवसात लग्न होते काय, असं त्या विचारतायत," बाई म्हणाल्या.

"सांगा त्यायले, मी आठ दिवसात करून दाखवतो. पोरगा तिले जाऊ देणारा पाहीन, नाहीतर पाहणारच नाही. मधातून बोलावणार नाही. हे माहं बोलणं झालं." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पुसदवाल्याले मी आज सांगतो."

शेवटी माझी बायको. तिलाही तीन वर्षांचेच विचारणार होते, पण तिने त्यांना बोलू दिले नाही. तिने पदर सावरला आणि पडद्याकडे बोट करून विचारले, "ही तिकडं बिमार पडली, त हिच्याजवळ कोण बसन? नाव सांगा."

बाईंनी जरा बिचकतच अर्थ सांगितला. पडद्यावरच्या बाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आपले नाव सांगितले. मुलींच्या वसतिगृहाच्या खालच्याच मजल्यावर आपण राहतो, असेही सांगितले. बायकोने ते नाव दोनदा म्हणून पाहिले. बरोबर म्हटले का, ते मुलीला विचारले. मुलीला बोलायला मनाई होती, तिने नुसती मान हलवली. "मंग हो म्हणा," बायको म्हणाली.

अकरा मार्चला निवडीचे पत्र आले. होळीला दोन दिवस होते. दादांनी फोनवर एवढेच विचारले, "विमानात सामान किती नेऊ देतात?" बायकोने त्या दिवसापासून मूग पापड, तिखट, लसणाची चटणी असे करायला घेतले. मुलगी तिला सांगत होती की तेवीस किलोच्या वर चालत नाही. मी वजनकाटा दुकानातून आणला. कागदपत्रे, व्हिसा, तपासण्या यांत चार महिने गेले. दिवसभराचा जपानीचा नियम मुलीने शेवटपर्यंत पाळला. जायच्या आधीचे दोन दिवस मात्र आईने तिला सोडले नाही, तिला सकाळपासून मराठीत बोलायला लावले. काय बोलल्या ते मी ऐकले नाही, मी दुकानात होतो.

१७ जुलै २०२५, गुरुवार. विमान नागपूरहून. तिकीट आश्रमाने काढले. बाईंचे उरलेले पंचेचाळीस हजार मी निवडीच्या दुसऱ्याच दिवशी देऊन पावती घेतली होती. राहिले होते ते गाडीचे. दारव्हा ते नागपूर विमानतळ आणि परत, तीनशे ब्याण्णव किलोमीटर, चौदा रुपये दराने पाच हजार चारशे अठ्ठ्याऐंशी. जाताना गाडीत आम्ही चौघे होतो, येताना तिघे. घराशी उतरल्यावर मी गाडीवाल्याच्या हातात पाच हजार पाचशे ठेवले. तो बारा रुपये सुटे शोधू लागला. मी राहू द्या म्हणालो.